हलू नकोस

टाचणीचं डोकं काळं, मोहरीहून बारीक, आणि ते तिच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरलेलं – खरं तर टाचणीनंच बोटं धरून ठेवली आहेत असं तिला वाटलं, कारण किती तरी वेळ ती तशीच बसून होती आणि बोटं काही सुटत नव्हती. चांगली टाचणी होती. न गंजणारी, लांब, टोकाला इतकी बारीक की आत शिरताना कळत नाही आणि बाहेर येताना कळतं. समोर कापसाच्या तुकड्यावर पतंग पडला होता – पडली होती, मादी होती ती, तळहाताएवढी, दालचिनीच्या रंगाची, पंखांवर काचेसारखे चार पारदर्शक ठिपके, पोट गच्च भरलेलं, पाय छातीशी गोळा केलेले, झोपलेल्या तान्ह्या पोरासारखे... नाही. मेलेल्या पतंगासारखे. सतरा वर्षं ती या संग्रहालयात हे काम करत होती आणि सतरा वर्षांत तिनं मेलेल्या पतंगाला मेलेला पतंगच म्हटलं होतं. आजच हे काय सुचत होतं कोण जाणे.

पडली, असंच तिनं सकाळी शेजारच्या काकूंना सांगितलं होतं. आई पडली. बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर. ती कामावर असताना काकू दिवसभर आईजवळ विणकाम घेऊन बसतात, त्यांनी दारातूनच आईचा गाल पाहिला, चुकचुकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, गालावरच पडली?" आणि ती म्हणाली, "हो ना, नेमक्या गालावर." नेमक्या! कोणी सांगितलं होतं तो शब्द घालायला? काकूंनी तो ऐकलासुद्धा नसेल, त्या टाके मोजत होत्या. पण तिच्यामागून तो जिन्याच्या सगळ्या पायऱ्या उतरला, बसमध्ये चढला, शेजारच्या सीटवर बसला. नेमक्या. अजून तो इथेच कुठे तरी टेबलाखाली असणार.

तिनं मादीला चिमट्यानं सरळ केलं. छातीच्या मध्यावर, किंचित उजवीकडे टोक टेकवलं आणि दाबलं. आत जाताना एक बारीक कुर्र असा आवाज होतो. दुसऱ्या कोणाला तो ऐकू येत नाही, तिला येतो. हलू नकोस, ती मनात म्हणाली. ही तिची सवय, मेलेल्यांना बजावायची. मग पोट फळीच्या खाचेत बसवलं, दोन्हीकडचे पंख सुईच्या टोकानं वर ओढले – शिरेला धरून, नाही तर फाटतात – त्यांवर कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आणि पट्ट्यांच्या कडेनं टाचण्या ठोकत गेली. सोळा टाचण्या. लोक विचारतात, तुम्ही तिथे काय करता, तेव्हा ती सांगते, मारते आणि टाचते. लोक हसतात. मग ती पण हसते.

"झाली का आपली नायिका तयार?"

सर होते. विभागाचे प्रमुख, दहा खोल्या ओलांडून ते स्वतः आले म्हणजे हातात कागद असणार, आणि होता. पुढच्या आठवड्यात नवं दालन उघडायचं होतं, त्याच्या पहिल्याच फलकावर ही मादी बसायची होती. गेले आठ महिने तिनं तिला अळीपासून वाढवलं होतं. काल दुपारी ती कोशातून बाहेर आली, रात्रभर पिंजऱ्यात पंख वाळवत टांगून राहिली आणि आज सकाळी साडेनऊला मारायच्या बरणीत गेली – पंखावरचा एक खवलासुद्धा झडायच्या आत.

"वाच जरा," सर म्हणाले. "भाषा बघ. तुझा कान चांगला आहे."

प्राचीन ग्रीक लोक आत्म्यासाठी जो शब्द वापरत, तोच या पंखवाल्या जिवासाठीही वापरत, असं कागदावर होतं.

"प्सुखे," सर म्हणाले. "प आणि स एकदम, फुंकर मारल्यासारखं. म्हणून बघ. मुळात अर्थच तो, फुंकर. मग फुंकर म्हणजे श्वास, श्वास म्हणजे जीव, जीव म्हणजे आत्मा आणि आत्मा म्हणजे ही तुझी बाई."

"पतंग?"

"पतंग म्हण, फुलपाखरू म्हण, ते लोक आपल्यासारखी वर्गवारी करत नव्हते. दिव्यावर आपटणाऱ्या पतंगाला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, पण तो आपल्या कामाचा नाही. हा बघ ना कसा आहे. कोश म्हणजे देह. देह फुटतो, आत्मा सुटतो. मरणाऱ्याच्या ओठांतून एक इवलंसं पंखवालं बाहेर पडतं... काय कल्पना आहे!"

"सर, हिला तोंड नाही."

"काय?"

"या जातीला तोंड नसतं. नावाला असतं, पण खाता येत नाही. अळी असताना पोटात साठवलं तेवढ्यावर आठवडाभर जगते."

सर हसले. माणूस वाईट नव्हता. "अगं, ते पाहुण्यांना कशाला सांगायचंय? आणि गंमत माहीत आहे का, आपल्या सायकॉलॉजीतला सायको तो हाच. डोक्याचे डॉक्टर म्हणजे खरं तर पतंगांचे डॉक्टर!" स्वतःच्या विनोदावर खूश होऊन ते दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "शर्टवर काय सांडलंस?"

"दूध," ती म्हणाली.

देह फुटतो, आत्मा सुटतो. तिला एकदम इतका संताप आला की चिमटा टेबलावर आपटला गेला. सरांनी कोश कधी मध्येच उघडून पाहिला नव्हता का? पाहिला असणार, पंचवीस वर्षांपूर्वी. पण फलक लिहिणाऱ्या माणसाला सगळं सोयीनं विसरता येतं. तिनं पाहिला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी, चुकून ब्लेड लागून. आत अळी नव्हती आणि पतंगही नव्हता. नुसतं पिवळट पाणी होतं, ते बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. अळी विरघळते. कोणी तिला विचारत नाही, आत्मा व्हायचं आहे का म्हणून. आणि बाहेर येताना ते जे पंखवालं येतं, ते आल्याआल्या तांबडं पाणी टाकतं, पिंजऱ्याचा कागद रक्तानं भिजल्यासारखा होतो, तो उचलून फेकणं हेही तिचंच काम. लिहा ना हे फलकावर.

पतंगांच्या डॉक्टरांनी आईच्या डोक्याचा फोटो दाखवला होता, काळा-पांढरा, मध्ये काळं जास्त. हे रिकामं होत चाललंय, ते म्हणाले होते. ओठांतून बाहेर पडतं हे मात्र खरं असेल, कारण आईचं तसंच गेलं होतं, तोंडावाटे, एकेक करून. आधी माणसांची नावं गेली, मग वस्तूंची. मग ती कात्रीला 'ते चावणारं' म्हणू लागली – आयुष्यभर जिनं कात्रीवर संसार केला ती बाई! मुलीचं नाव मागच्या हिवाळ्यात गेलं. तेव्हापासून आई तिला 'अहो बाई' म्हणते. अहो बाई, तुम्ही जाता का आता. अहो बाई, माझी मुलगी शाळेतून यायची आहे.

आई कपडे शिवायची. बायकांचे झगे, पोरींचे फ्रॉक, कोट उलटवून देणं, सगळं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत आम्ही. तोंडात टाचण्या धरून बोलायची, ओठ न हलवता, तरी प्रत्येक शब्द स्पष्ट. गिऱ्हाइकाची मुलगी माझ्या मापाची असली की मला स्टुलावर उभं करून तो फ्रॉक माझ्या अंगावर बेतायची. हलू नकोस. मी हलायची नाही. पण श्वास घ्यावाच लागतो आणि श्वास घेतला की पोट हलतं, आणि पोट हललं की टाचणी... आई मुद्दाम टोचायची नाही, असं मी खूप वर्षं धरून चालले होते. मुद्दाम असायचं ते अंगुस्तान. मधल्या बोटात सुई रेटायचं लोखंडी टोपण, त्यावर बारीक खळगे, आणि ते टाळूवर बसायचं – टक्. एकच. रक्त यायचं नाही, आवाज यायचा, बाहेर नाही, कवटीच्या आत. मग तोंडात लोखंडाची चव. दादाला कधी नाही मारलं. दादा मुलगा म्हणून नव्हे, दादा हलायचाच नाही, खोलीत नसायचाच तो. दूध सांडलं, टक्. दोरा ओढला, टक्. फ्रॉक दुसऱ्या मुलीचा आहे हे विसरून आरशात पाहिलं, तेव्हा एकदा नाही, सात वेळा. मोजले होते. माझी मोजायची सवय तिथली आहे.

तिनं पट्ट्यांवरच्या टाचण्या पुन्हा मोजल्या. सोळा.

दादा आज येणार होता. संध्याकाळच्या गाडीनं, मुक्कामाला, आणि बरोबर त्या संस्थेचे कागद घेऊन – शहराबाहेरची स्वच्छ इमारत, जिथे आईसारखी चाळीस माणसं राहतात, जिथे नर्स असते आणि बाग असते. दोन वर्षं तो फोनवर हेच म्हणतोय आणि दोन वर्षं ती नाही म्हणतेय. आईला मी ठेवणार. माझ्याजवळ. कोणाच्या दारात टाकायची नाही. हे म्हणताना तिचा आवाज काय चढायचा! सगळ्या इमारतीला माहीत होतं. जिन्यात भेटलेली माणसं तिच्याकडे पाहून मान हलवायची, काकू तर कोणीही आलं की सांगायच्या, मुलगी असावी तर अशी. तिला ते आवडायचं. आवडायचं कसलं, त्याच्यावर ती जगत होती. लहानपणी जिनं सात वेळा... तिलाच मी मोठेपणी मऊ भरवते, बघा. कोणाला दाखवत होती ती? आईला तर काही कळत नव्हतं.

आणि आज दादा आईचा गाल पाहणार. चार बोटं आहेत का त्यावर? सकाळी नुसता लाल होता. दुपारपर्यंत निळा होईल आणि निळ्यात बोटं दिसतात. दादा काही मूर्ख नाही. त्याला कळलं की तो आईला घेऊन जाईल, आणि जाताना एक शब्द बोलणार नाही, आणि जिन्यातली माणसं बाजूला सरतील. नाही कळलं, तर तो उद्या परत जाईल आणि खोलीत आई राहील आणि ती राहील आणि रोज सकाळी साडेसात वाजतील. या दोन्हींतलं कोणतं जास्त भयंकर होतं ते तिला ठरवता येईना.

म्हणजे तसं काही झालं नव्हतं. हात लागला होता. माणसाचा हात लागतो. दोन वर्षांत एकदा. दुधात भिजवलेला पाव आई तोंडात घेते आणि गिळत नाही, गालात धरून ठेवते, तोबरा भरल्यासारखा, आणि पाहत राहते. गिळ, आई. गिळ ना. बस चुकेल माझी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती हट्ट करत नाही, गिळायचं कसं तेच ती विसरते. हे सगळं माहीत असूनही... आणि मग ती हसली. आई. तोंड भरलेलं असताना ओठ न हलवता – तसंच, अगदी तसंच, टाचण्या तोंडात धरून हसायची तसंच – आणि फुर्रकन सगळं तिच्या शर्टवर. फुंकर मारल्यासारखं. तेव्हा हात लागला.

जेवणाच्या सुट्टीत ती खाली गेली. डबा उघडला, बंद केला. बाकावर बसून समोरून येणाऱ्याजाणाऱ्या माणसांचे हात पाहत राहिली. किती जण ते खिशात घालून चालतात. फोन काढून काकूंना लावला.

"बरी आहे गं," काकू म्हणाल्या. "खिडकीत बसलीय. दूध प्यायली निम्मं."

"गाल कसा आहे?"

"सुजलाय थोडा. अगं, म्हाताऱ्या माणसाला होतंच तसं, तू किती जिवाला लावून घेतेस! जेवलीस का?"

"जेवले," ती म्हणाली. खोटं आता सहज जमत होतं.

वर आली तेव्हा पावणेदोन झाले होते आणि फळीवरचा कागद हलत होता.

खिडकी बंद होती. पंखाही बंद होता. पट्ट्यांखाली दालचिनीच्या रंगाचं काही तरी थरथरत होतं, सोळा टाचण्यांमध्ये, आणि मध्ये सतरावीभोवती छाती गोल फिरायचा प्रयत्न करत होती. सहाही पाय हवेत चालत होते, कुठेही न जाता. तिनं आधी बरणीकडे पाहिलं. बरणीच्या तळाशी प्लास्टरचा थर असतो, त्यावर रोज सकाळी औषध ओतायचं, ते प्लास्टर पितं आणि मग दिवसभर त्याचा वास सोडतं, त्या वासानं मरतात. पहिल्या दिवशी शिकवतात ते. नवशिक्यासुद्धा विसरत नाहीत. आज तिनं बरणी उघडली होती, मादी आत सोडली होती, झाकण फिरवलं होतं, घड्याळ पाहिलं होतं – आणि औषध ओतलंच नव्हतं. कालच्या शिळ्या वासानं ही फक्त बेशुद्ध झाली होती. हिवाळ्यात थंडीनं हात कापत असतानासुद्धा कधी न झालेली चूक. आणि शुद्ध आली तेव्हा छातीतून लोखंड गेलेलं, चारी पंख ठोकलेले.

ओरडत नाहीत ते. तोंड नाही ना. तिनं खाली वाकून पाहिलं. पोट ताणलं गेलं होतं, टोकाशी उघडझाप होत होती, आणि फळीच्या खाचेत, बुचाच्या पट्टीवर, एकाला एक चिकटून पांढुरकी अंडी पडली होती. नऊ. तिच्या देखत दहावं आलं. मरताना माद्या असं करतात. नर भेटलेला नसला, त्यातून काही निघणार नसलं, तरी आतलं सगळं बाहेर टाकत राहतात, जेवढं जमेल तेवढं, टाचणीवरसुद्धा. हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि तिला ती ओळ पाठ होती. अकरावं आलं.

"हलू नकोस," ती म्हणाली. या वेळी मोठ्यानं.

यावर उपाय ठरलेला आहे. बारीक सुईनं पंखाच्या मुळाशी छातीत स्पिरिट द्यायचं, दोन थेंब, अर्ध्या मिनिटात संपतं. तिनं सुई भरली. मोठ्या पतंगांच्या छातीवर लव फार दाट असते, नुसती टोचली तर सुई घसरते. आधी ब्रशनं लव बाजूला करायची, म्हणजे जागा नीट दिसते. तिनं ब्रश घेतला. उजवीकडची लव हळूच मागे सारली. उघडी जागा दिसली, फिकट, नखाएवढी. आणि हात तिथेच राहिला, कारण हे तिनं आज एकदा केलेलं होतं.

हात लागला नव्हता. मारलं होतं. आणि एक नाही, दोन. पहिली गेली तेव्हा हात स्वतःहून गेला असं म्हणता येईल. दूध तोंडावर उडालं, तिरीमिरी आली, सटकन गेली, कोणत्याही माणसाची गेली असती. पहिलीचं काही नाही. पण पहिली बसल्यावर आईची मान वळली आणि पांढरे केस गालावर आले. मग खोलीत एकदम शांत झालं. तिनं दुसऱ्या हातातला कप खाली ठेवला. टेबलाच्या कडेला नाही, आत सरकवून ठेवला, कलंडू नये म्हणून. घड्याळाकडे पाहिलं, सात चाळीस. आणि मग तिनं आईच्या गालावरचे केस बोटांनी बाजूला केले, हळूच, कानामागे नेऊन बसवले, कारण केसांमुळे नीट बसणार नव्हती. आणि आईला वाटलं... आईला वाटलं, कुरवाळतायत. तिनं डोळे मिटले आणि गाल त्या हातावर टेकवला. सगळं वजन टाकून. तेवढा वेळ होता. तेवढ्या वेळात हात नुसता हात होऊ शकला असता.

दुसरी बसली. तिचा आवाज पहिलीपेक्षा मोठा होता. आणि बरं वाटलं.

हेच ते, जे सकाळपासून टेबलाखाली बसलं होतं. बरं वाटलं. राग नव्हता तेव्हा, दुःख नव्हतं, थकवा नव्हता – काकू आणि दादा आणि जिन्यातली माणसं ज्या ज्या गोष्टींची माफी देतील त्यांतलं काहीच नव्हतं. खूप वर्षं बंद राहिलेली खिडकी ढकलल्यावर उघडावी तसं बरं वाटलं होतं. टाळूपासून टाचेपर्यंत. ओठ न हलवता ती हसलीसुद्धा असेल.

तिनं सुई टोचली. दोन थेंब. पाय थांबले, एकेक, मागून पुढे. मिशा शेवटी. तिनं अर्ध्या मिनिटाऐवजी दोन मिनिटं मोजली, मग ब्रशनं लव पुन्हा जागच्या जागी बसवली, घसटलेला पंख सारखा केला. काही दिसत नव्हतं. पाहुणे येतील, फलक वाचतील, प्सुखे म्हणून पाहतील, पोरांना उचलून दाखवतील. काम चांगलं झालं होतं. ती बेसिनपर्यंत गेली, हात दोनदा धुतले, आणि तोंड धुऊन वर पाहिलं तर आरशात एक ओल्या तोंडाची बाई होती, तिला ती आवडली नाही.

फोन वाजला तेव्हा तीन वाजून गेले होते. दादा.

"पोहोचलो मी. लवकरची गाडी मिळाली," तो म्हणाला. "घरीच आहे. आईजवळ."

तिनं बेसिनची कड धरली.

"ऐकतेयस ना? आईचा गाल बघितला मी."

"हं."

"काकू म्हणाल्या, पडली. मी म्हटलं, तिलाच विचारू या. तर काय म्हणाली माहीत आहे?" तो हसत होता. खरंच हसत होता. "म्हणे, आईनं मारलं."

"काय?"

"आईनं मारलं म्हणते! तिच्या आईनं. म्हणजे आपल्या आजीनं, जी आपण दोघांनी बघितलेलीसुद्धा नाही. मी म्हटलं, का गं मारलं? तर म्हणते, मी दूध सांडलं ना. आणि परत नाही सांडणार म्हणून मलाच वचन दिलंन. बिचारी! कुठल्या कुठे गेलीय गं ती. साठ-सत्तर वर्षं मागे."

ती तिथेच फरशीवर बसली. सुटले. पहिल्यांदा तेच वाटलं आणि वाटल्याचं तिला कळलंही – सुटले! या जगात एकच साक्षीदार होता आणि त्यानं दुसऱ्याच बाईचं नाव घेतलं होतं, जी आता कोणत्याही चौकशीला येणार नव्हती. कधीच कोणाला कळणार नव्हतं. आज नाही, उद्या नाही, आणि उद्या पुन्हा झालं तरीही नाही. दर वेळी आई तिच्या आईचंच नाव सांगणार होती.

"बरं, ऐक," दादाचा आवाज जरा खाली आला. "गाडीत मी खूप विचार केला. आणि इथे येऊन बघितलं. ते कागद राहू देत. तू म्हणत होतीस तेच बरोबर. इथेच ठेवू या तिला, तुझ्याजवळ. मी उगाच तुला दोन वर्षं छळलं."

"दादा –"

"नाही, बोलू दे मला. सकाळपासून खिडकीतून उठली नाहीये ती. काकू म्हणाल्या, जेवायलासुद्धा तिथेच. वाट बघतेय. मी विचारलं, कोणाची गं? तर म्हणते, आई यायचीय. रस्त्यावर कोणी बाई दिसली की पुढे होऊन बघते. अगं, तुझीच वाट बघतेय ती. तूच आता तिची आई झालीस. अशा माणसाला कुठे नेऊन टाकायचं?"

खिडकीत. तिनं डोळे मिटले. आई शिवलेले कपडे पोचवायला जायची तेव्हा मीही खिडकीत बसायची – हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. माझ्या लहानपणाच्या गोष्टीत मी अंगुस्तान ठेवलं होतं, सात ठेवले होते, लोखंडाची चव ठेवली होती, आणि खिडकी काढून टाकली होती. टाळू ठणकत असायची आणि मी कोपऱ्यावर डोळे लावून बसायची आणि भीतीनं नाही. कोपऱ्यावर तिची पिशवी दिसली की पोटात काय व्हायचं! मारणारी तीच होती आणि आल्यावर डोक्याला तेल लावणारीही तीच होती, आणि दुसरं कोणी नव्हतंच जगात. धावत दार उघडायची मी. आई आली. त्या दारात मारणाऱ्या बाईला रोज माफी मिळायची, तिनं न मागता, आणि ती माफी घ्यायला तिला कसलीच अडचण वाटली नाही. पिशवी ठेवायची आणि म्हणायची, दूध प्यायलीस का? मलाही आज तशीच मिळणार होती. पाचच्या बसनं उतरायचं, कोपऱ्यावरून वळायचं आणि घ्यायची. फुकट. आणि उद्या. आणि परवा.

"हॅलो?" दादा म्हणत होता. "आवाज येतोय ना?"

मागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आईचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, सूर कळला, लहान मुलीचा, खूप वेळ शहाण्यासारखं बसून राहिलेल्या. आली का, असं काही तरी असेल.

"तू खूश नाहीस का?" दादा म्हणाला. "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

केस बाजूला करणारी बाई आजी नव्हती. आईही नव्हती, जिच्यावर मी आयुष्यभर सगळं ढकलत आले. कप आत सरकवून ठेवणारी ती कोणी दुसरी नव्हती, जिच्याबद्दल सकाळपासून मी ती, ती म्हणत होते, लांब उभी राहून, चिमट्यात धरल्यासारखी. खरं सांगणारं वाक्य मोठं नव्हतं, तीन-चार शब्दांचं होतं, आणि ते बोललं की खिडकीत बसलेली ती मुलगी माझ्याकडून जाणार होती, आणि नाही बोललं की राहणार होती. दोन्हींनी माझा जीव जात होता.

"आहेस ना गं?" दादानं विचारलं.

"मी आहे," मी म्हणाले.